दिवेलागणीचा पाहुणा

गौरी-गणपतीचे दिवस होते. संध्याकाळची आरती नुकतीच आटोपली होती. ओसरीवर खिरापत वाटणे चालले होते आणि बाहेर पावसाची बारीक झड लागली होती. अशा वेळी बागेकडच्या उघड्या दारातून एक तपकिरी पाखरू आत आले. दिव्याभोवती दोन वेडेवाकडे फेरे मारून ते मखरामागच्या भिंतीवर टेकले आणि पंख मिटून गुपचूप बसले. “आजोबा, पतंग आला!” असे ओरडत आमची नात हातातले टाळ टाकून धावली.

मी चष्मा पुसून जवळ गेलो. पतंग नव्हताच तो. पतंग बसतो तो बहुधा पंख पसरून, नाहीतर कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते ठेवून. याने नमस्काराला हात जोडावेत तसे पंख उभे जोडले होते. मिशांची टोकेही किंचित जाडसर होती, जशी फुलपाखरांची असतात. भिंत धरून ठेवली होती ती मात्र फक्त चार पायांनी. पुढचे दोन पाय या कुळातल्या फुलपाखरांना चालण्याच्या उपयोगाचे उरलेलेच नाहीत; ती ते छातीशी आखडून ठेवतात.

नातीचे लक्ष पायांकडे नव्हते. मिटलेल्या पंखांच्या कडेने डोळ्यांची एक ओळ होती. काळी बाहुली, तिच्यात पांढरा ठिपका, भोवती पिवळसर कडे. तिने बोट न लावता मोजले. मागच्या पंखावर सहा निघाले, काही ठसठशीत, काही अगदी मोहरीएवढे. पुढच्या पंखावरचे अर्धे झाकलेले होते. पंखाच्या बाकी पृष्ठभागावर कुणी बारीक कुंचल्याने उदी रेघा ओढाव्यात तशी नक्षी. “एवढे डोळे कशाला लागतात याला?” तिने विचारले. त्या रात्री मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि वेळ मारून नेली.

पुढे मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर, तिन्हीसांजेलाच देवघराच्या उंबऱ्याशी एक वाळके पान पडलेले दिसले. सूनबाईने केरसुणी उचलली आणि ते पान उडाले. समईपाशी जाऊन बसले. करड्या रंगाचे, मध्ये पानाच्या शिरेसारखी एक गडद रेघ, पंखाचे टोक आकडीसारखे वळलेले. डोळे मात्र एकही नाही. नातीने ते नीट पाहिले आणि निकाल दिला, “हे आपले गणपतीतले नव्हे. हे वेगळे.”

तिचे चुकले होते. पण तिला हसावे असे त्यात काही नव्हते. हीच चूक सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनी केली होती, आणि तीही छापील ग्रंथांत, चित्रांसह. ती चूक कशी दुरुस्त झाली आणि तिच्या मागे निसर्गाची केवढी करामत निघाली, ते सांगण्यासाठी हा लेख.

काळसर घराणे

या फुलपाखराला इंग्रजीत ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’ म्हणतात. म्हणजे संध्याकाळी दिसणारे साधे तपकिरी. आमच्या घरात त्याचे नाव ‘सांजपाखरू’ पडले आहे. शास्त्रीय नाव ‘मेलॅनायटिस लीडा’. ‘मेलॅनायटिस’ हे प्रजातीचे, म्हणजे घराण्याचे नाव. ‘मेलास’ हा ग्रीक शब्द काळ्या रंगाचा, त्याच मुळाचे हे. हे घराणे १८०७ साली योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने स्थापले. फॅब्रिशियस हा लिनियसचा शिष्य. आणि ‘लीडा’ ही जात खुद्द लिनियसने १७५८ साली नोंदवलेली, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा श्रीगणेशा ज्या ग्रंथाने झाला त्याच ग्रंथात.

लिनियसला शेकडो फुलपाखरांना नावे द्यायची होती. त्याने ग्रीक पुराणे हाताशी घेतली आणि देवदेवतांची, राजेराण्यांची नावे वाटून टाकली. लीडा ही स्पार्टाची राणी. देवांचा राजा झ्यूस तिच्याकडे हंसाचे रूप घेऊन आला, अशी ती कथा. आपल्याकडे इंद्र गौतमाचे रूप घेऊन आला, तशी. या पाखराचा सगळा इतिहास पुढे वेषांतराभोवतीच फिरायचा होता. लिनियसला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण नाव चपखल बसले.

या घराण्यात जगभर मिळून डझनभर जाती. आफ्रिकेत ‘लिबिया’ आणि ‘अँसोर्गी’, फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाच्या बेटांवर आणखी काही. ‘लीडा’ मात्र सर्वसंचारी आहे. आफ्रिकेपासून भारत, ब्रह्मदेश, मलाया असे करीत ती ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. भारतात तिच्या दोन बहिणी आहेत. एक ‘फेडिमा’, रंगाने अधिक गडद. दुसरी ‘झायटेनियस’, आकाराने मोठी, बांबूच्या रानात राहणारी. १८५७ च्या जुलैत इकडे इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा धडधडत होत्या. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयातली फुलपाखरे लावता लावता फ्रेडरिक मूर या गृहस्थांनी दक्षिण भारतातल्या या दोघींना नावे दिली. एकीला ‘वराह’ आणि दुसरीला ‘गोकल’. सह्याद्रीत मिळणाऱ्या उपजातींची ही नावे आजही चालू आहेत. आमच्या सातपुड्याचाही मान राखला गेला आहे. पचमढीच्या फेडिमाला ‘बेथामी’ असे उपजातीचे नाव १८८७ साली मिळाले. बेथाम हे मध्य प्रांतातली फुलपाखरे जमवणारे एक संग्राहक होते.

दोघी बहिणी रानच्या. लीडा मात्र माणसाच्या अंगणातली, आणि त्याचे कारण तिच्या अळीच्या पोटात आहे. अळी गवत खाते. बांधावरचे गवत चालते, तसे भात, ज्वारी, बाजरी, ऊस हेही चालते. शेवटी ही सगळी गवतेच. भाताच्या किडींच्या यादीत तिचे नाव सापडते, पण ते खालच्या ओळीत. शेतकऱ्याची झोप उडवावी एवढी ती मातत नाही. मोठे फुलपाखरू फुलांच्या वाटेला क्वचितच जाते. झाडाच्या सालीतून पाझरणारा रस, ताडी, गळून आंबलेला पेरू किंवा जांभूळ, यांवर त्याचा निर्वाह. दिवसभर ते झाडाखालच्या पाचोळ्यात पडून राहते; पाय अगदी जवळ पडला तर उठते, चार हात उडते आणि पुन्हा पाचोळ्यात असे टेकते की टेकलेली जागा पाहूनसुद्धा सापडत नाही. सूर्य बुडाला की त्याचा दिवस सुरू होतो. पक्षी घरट्यात परतलेले असतात, वटवाघळे नुकती निघालेली असतात आणि दोहोंच्या मधल्या त्या घटकाभरात ही पाखरे एकमेकांचा पाठलाग करीत अंगणभर फिरतात. दिवा दिसला की घरात येतात. मालव्याच्या रात्रीची कीर्ती ‘शब-ए-मालवा’ म्हणून कवींनी पुष्कळ गायिली; तिच्या उंबरठ्यावर हे तपकिरी पाखरू रोज हजर असते, याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

एक पाखरू, नावे अनेक

आता त्या चुकीकडे वळू.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय पंडितांजवळ फुलपाखरे पोहोचत ती टाचणी टोचलेली, पेटीत लावलेली. कुठल्या महिन्यात पकडले, कोणत्या झाडावर, अळी कशी होती, यातले काही बहुधा त्यांच्याबरोबर येत नसे. त्यामुळे पंखावर डोळे असलेले एक पाखरू आणि नसलेले दुसरे असे पुढ्यात आले की त्यांना दोन नावे देणे ओघानेच आले. पीटर क्रॅमर या डच व्यापाऱ्याने १७७५ साली एकाला ‘इस्मीनी’ म्हटले. हेही ग्रीक पुराणातल्या राजकन्येचेच नाव. पुढे बटलर या इंग्रज पंडिताने डोळेवाल्या रूपाला ‘डिटर्मिनाटा’ म्हटले. कोरड्या दिवसांतल्या पाखरांचे रंग तर एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. एखादे राखी, एखादे विटकरी, एखाद्यावर बुरशी चढल्यासारखे काळे डाग. नावे द्यायलाच बसले तर पेटीतल्या प्रत्येकाला एक देता यावे.

१८८६ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात एक लांबलचक यादी प्रसिद्ध झाली. विषय होता ‘मध्य हिंदुस्थानातील महू येथील फुलपाखरे व पतंग’. महू म्हणजे आपल्या शेजारची ती छावणी, २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर. लेखक कर्नल चार्ल्स स्विन्हो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या आठ संस्थापकांपैकी हे एक. लष्करी नोकरीतून वेळ काढून या माणसाने महूच्या आसपास जाळे फिरवले आणि मालव्याच्या या कीटकांना जगाच्या शास्त्रात जागा मिळवून दिली. याद्या करणारे असे लोक नसते तर पुढचे काही घडलेच नसते, हे मान्य केले पाहिजे.

पण यादीने प्रश्न सुटत नव्हता. तो सुटला त्याच वर्षी, कलकत्त्यात, आणि जाळ्याने नव्हे तर कुंडीतल्या गवताने.

लायोनेल द निसेव्हिल हे १८७० साली हिंदुस्थानात आले ते सरकारी कचेरीतले कारकून म्हणून. दिवसा फायली, उरलेला सगळा वेळ फुलपाखरे. त्यांना संशय होता की डोळेवाली आणि बिनडोळ्यांची ही तपकिरी पाखरे मुळात एकच असावीत. पावसाळ्यात एक वेष, कोरड्या दिवसांत दुसरा. दोन रूपे एका जागी, पण वेगवेगळ्या महिन्यांत सापडतात, एवढ्यावरून तो संशय आला होता. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. पेटीतली हजार फुलपाखरे शेजारी शेजारी लावली तरी त्यांच्यात नाते आहे की नाही, हे ती सांगू शकत नाहीत. तेव्हा द निसेव्हिल यांनी अंड्यांपासून पाखरे वाढवली. मेलॅनायटिस, मायकॅलेसिस, इप्थिमा अशा तपकिरी घराण्यांतल्या अळ्यांना गवत घालून, कोश होऊ देऊन, कोणत्या ऋतूत कोणते रूप बाहेर पडते त्याची त्यांनी नोंद ठेवली. १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तो वृत्तांत छापला. एकाच जातीची ती दोन ऋतुरूपे ठरली. क्रॅमरची इस्मीनी, बटलरची डिटर्मिनाटा, सगळ्या आज लीडाच्या नावाखाली नांदतात. मेलेल्या पाखरांनी वाढवलेला वाद जिवंत अळ्यांनी मिटवला. द निसेव्हिल १९०१ साली कलकत्त्यातच हिवतापाने वारले.

अळ्या पाळून शिकण्याची ही वाट आपल्याकडे आणखी एका गावी रुजली, ते म्हणजे कारवार. सातारला जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, त्यांचे स्नेही डेव्हिडसन आणि जंगलखात्यातले बेल या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि त्यांची खाद्ये यांची दीर्घ माहिती १८९६-९७ मध्ये मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकात दिली. फुलपाखरू कोणत्या झाडावर वाढते, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही, हे या मंडळींनी आपल्याला शिकवले.

आमच्या घरची कुंडी

हे सगळे नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग आपणही पाहू या.”

पुढल्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास अंगणात डोळेवाली एक मादी हाती लागली. गवताची कुंडी, तिच्यावर मच्छरदाणीच्या जुन्या कापडाचा पिंजरा, आत बशीत पिकून काळे पडलेले केळे. तिसऱ्या दिवशी पात्यांच्या मागल्या बाजूला खसखशीहून थोडी मोठी, गोल, पांढरट अंडी दिसली. नातीने भिंग धरून मोजली आणि मादीला सोडून दिले.

अळ्या निघाल्या त्या दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या. जसजशा वाढल्या तसतसे एकेकीचे ध्यान पाहण्यासारखे झाले. अंग गवतासारखे हिरवे, शेपटीला दोन टोके आणि डोक्यावर दोन शिंगे. समोरून पाहिले तर मांजरीचे तोंड. नातीने सर्वांचे नाव एकच ठेवले, ‘मनी’. दिवसा त्या पात्याला अशा चिकटून राहत की कुंडी रिकामी वाटे. रात्री मात्र पाती कडेने कुरतडली जात. काही मुंग्यांनी नेल्या, एक कशाने गेली ते कळले नाही. घरात त्या दिवशी थोडे सुतकच होते.

दिवाळी झाली, थंडी वाढली. उरलेल्या अळ्या एकामागून एक उलट्या टांगल्या गेल्या आणि हिरवे, गुळगुळीत कोश झाले. दत्तजयंतीच्या आठवडाभर आधी पहिला कोश काळवंडला आणि सकाळी शाळेची वेळ झालेली असताना पाखरू बाहेर आले. ओले पंख सुकेपर्यंत आम्ही दोघे कुंडीसमोर बसून होतो. पंख मिटले. डोळे नव्हते. सुईच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके, बस्स. रंग वाळक्या सागाच्या पानाचा. दुसरे निघाले ते राखी, तिसरे विटकरी. आई डोळ्यांची, लेकरे बिनडोळ्यांची, आणि लेकरांतही एक दुसऱ्यासारखे नाही.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण यांना कुणी सांगितले की आता थंडी आहे?”

हा प्रश्न मात्र द निसेव्हिल यांच्या काळीही सुटलेला नव्हता.

न पाहिलेल्या ऋतूचे वस्त्र

आधी हे पाहू की दोन वेष लागतात कशाला. १९८४ साली पॉल ब्रेकफील्ड आणि टॉर्बेन लार्सेन या दोन शास्त्रज्ञांनी याचा उलगडा मांडला. पावसाळ्यात रान हिरवे असते, पाखराला उडायचे असते, जोडीदार शोधायचा असतो, अंडी घालायची असतात. हालचाल करणाऱ्याला लपणे साधत नाही. तेव्हा पंखाच्या कडेचे डोळे कामाला येतात. शत्रूची चोच किंवा नांगी डोळ्याकडे वळते. कडेचा लचका तुटतो, जीव वाचतो. कोरड्या दिवसांत गवत वाळलेले असते, अळ्यांना खायला नसते, अंडी घालून उपयोग नसतो. तेव्हा शहाणपण एकच, पाचोळ्यात पाचोळा होऊन पडून राहणे. तिथे चमकदार डोळा असला तर तोच चुगली करील.

पुढे हे प्रयोगाने तपासले गेले ते आपल्या सांजपाखराच्या आफ्रिकेतल्या एका दूरच्या नातेवाइकावर. ‘बायसायक्लस’ नावाचे हेही एक तपकिरी घराणे. १९८८ साली मलावी देशातून ऐंशीच्या वर माद्या आणून त्यांचा वंश प्रयोगशाळेत वाढवला गेला. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात ब्रेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पिढ्यान् पिढ्या पाहिल्या. अळ्यांना मक्याची रोपे, पाखरांना केळे. म्हणजे आमच्या घरच्या कुंडीहून थाट फार वेगळा नव्हता. २०१५ साली अँतोनिया मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पाखरे खंडोबाच्या किड्यांपुढे, म्हणजे हात जोडून बसणाऱ्या त्या शिकारी कीटकांपुढे सोडली. मोठ्या डोळ्यांचे पाखरू किड्याला लवकर दिसले खरे, पण त्याचा वार डोळ्यांवर पडला आणि पाखरे अधिक दिवस जगली. बिनडोळ्यांच्या पाखरांवर वार सरळ अंगावर पडला.

आता नातीचा प्रश्न. थंडीची वार्ता कोण देते? उत्तर असे की ती अळीला मिळते. अळीपणाच्या अखेरच्या दिवसांत हवा किती उबदार आहे, यावर बहुतांशी निकाल लागतो. बायसायक्लसच्या अळ्या २७ अंशांच्या उबेत वाढवल्या तर डोळेवाली पाखरे निघतात. १७ अंशांच्या गारव्यात वाढवल्या तर बिनडोळ्यांची. उबेच्या प्रमाणात शरीरातल्या एका संप्रेरकाची, म्हणजे हॉर्मोनची, वेळ आणि मात्रा बदलते आणि त्याप्रमाणे कोशाच्या आत पंखावर डोळा मोठा होतो किंवा खुरटतो. आपल्या लीडावरही ब्रेकफील्ड यांनी असाच अभ्यास करून १९८७ साली प्रसिद्ध केला. तिची रूपेही हवामानाशी बांधलेली आढळली.

आपल्याकडे बहुरूपी गावात येत तेव्हा सकाळी पोलीस, दुपारी पोतराज, संध्याकाळी शंकर होऊन दारी उभे राहत. गाव पाहून सोंग घेता येई आणि रात्री उतरवूनही ठेवता येई. या पाखराला ती मुभा नाही. त्याचे वस्त्र ते अळी असतानाच बेतले जाते. ज्या ऋतूसाठी ते बेतायचे तो ऋतू अजून आलेला नसतो. एकदा पंख फुटले की ते मरेपर्यंत तेच. हिरव्या गवतात बसलेल्या त्या शिंगाड्या अळीला पाचोळा कसा असतो ते ठाऊक नसते. तिच्याजवळ एकच खूण असते, रात्रीचा गारवा. हजारो वर्षे ती खूण खरी ठरत आली. गारवा आला की मागोमाग गवत वाळते, पाने गळतात. म्हणून अळी त्या खुणेवर विसंबून वस्त्र शिवते आणि पाखरू त्यात सुखरूप राहते.

खूण खोटी ठरली तर? हवामान बदलत आहे, याची बातमी आता रोजच्या वर्तमानपत्रात असते. पाऊस वेळेवर संपला, गवत वाळले, पण रात्री मात्र उबदारच राहिल्या, असे झाले तर अळीला चुकीचा निरोप पोहोचेल. ती डोळ्यांचे वस्त्र शिवील आणि पाखरू ते अंगावर घेऊन वाळक्या पाचोळ्यात उतरेल. ऋतूची चाहूल घेऊन रूप बदलणाऱ्या जिवांपुढे हे संकट उभे आहे, आणि अशा पाखरांकडे शास्त्रज्ञ आज बारकाईने पाहतात त्याचे हेही एक कारण आहे.

पाचोळ्याचा कोपरा

तापमान तुमच्या-माझ्या हातात नाही. निदान एकेकट्याच्या नाही. पण एक गोष्ट आहे.

आपले इंदूर २०१७ पासून वर्षामागून वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. त्याचा मला इतर कोणत्याही इंदूरकराइतकाच अभिमान आहे. पण झाडाखालचे गळलेले पान म्हणजे कचरा नव्हे, एवढे या अभिमानात विसरू नये. बागेतले एकूण एक पान झाडून काढले, पेटवून दिले, कडेकडेचे गवत मुळापासून छाटले, तर अंगण आरशासारखे दिसते. मात्र दोन पिढ्यांचे घर त्यात जाते. गवत हे पावसाळ्यातल्या अळीचे घर आणि पाचोळा हे हिवाळ्यातल्या पाखराचे. पानासारखे दिसण्यासाठी भोवती पाने असावी लागतात. मोकळ्या फरशीवर बसलेले उत्तम सोंगही उघडे पडते.

मालव्यातल्या शेतांत खरिपाची ज्वारी मागे हटली आणि तिच्या जागी सोयाबीन आले, हे आपल्या डोळ्यांदेखत झाले. सोयाबीन हे गवत नव्हे. या अळीला त्याचा उपयोग नाही. तेव्हा बांधाचे, कुंपणाचे, परसातले गवत तेवढे तिच्या वाट्याला उरते. रंगीत फुलपाखरांसाठी लोक आता हौसेने फुलझाडे लावतात, उद्याने करतात. तपकिरीसाठी काही लावावे लागत नाही. थोडे राहू द्यावे लागते, एवढेच.

‘तपकिरी’ हा शब्द आपल्याकडे तपकिरीच्या डबीतून आला. माझ्या आजोबांच्या कनवटीला ती डबी असे. त्यांच्या धोतरावर तो रंग पडे आणि आजी तो धुऊन धुऊन कंटाळे. शोभेचा रंग म्हणून त्याला कधी मान मिळाला नाही. लाल, पिवळे, निळे पाखरू दिसले की आपण थांबतो. तपकिरी दिसले की केरसुणी शोधतो. आणि त्या रंगाच्या पंखाखाली एवढे शहाणपण दडलेले होते, ते उलगडायला एका कारकुनाची चिकाटी आणि शंभर वर्षे लागली.

आमच्या परसात आंब्याखाली आता चार हातांचा एक कोपरा न झाडता ठेवलेला असतो. पाहुणे विचारतात तेव्हा नात त्यांना तो दाखवते आणि “जपून पाय टाका,” असे बजावते. तिची आई अजूनही तिन्हीसांजेला देवघर झाडते. पण मार्गशीर्ष लागला आणि उंबऱ्याशी एखादे वाळके पान दिसले, की ती आधी केरसुणी खाली ठेवते आणि वाकून पाहते, ते हलते का.